सोयाबीनच्या पोत्यात सरकी : एका शेतकरी उत्पादक कंपनीचं प्रकरण

परभणी जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा सोयाबीनचा लॉट २०२२ च्या हंगामात खरेदीदाराने अडवला. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘जीएम आढळले’, म्हणजे जनुकीय बदल केलेलं पीक आढळलं, असा शेरा होता. भारतात जीएम सोयाबीन पेरायला परवानगीच नाही. सभासदांचं बियाणं बरंचसं घरचं, उरलेलं परभणी कृषी विद्यापीठाच्या आणि राहुरीच्या वाणांचं. तरीही अहवाल तसा आला, आणि पुढचे काही आठवडे संचालक मंडळाची झोप उडाली.

त्या काळात मी या कंपनीला बाजारपेठेच्या कामात सल्ला देत होतो. मराठवाड्यातल्या इतर कंपन्या आता याच वाटेने निघाल्या आहेत, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे. कंपनी, गावं, खरेदीदार आणि प्रयोगशाळा यांची ओळख लपवली आहे.

पार्श्वभूमी

सेलू-मानवत-पाथरीच्या पट्ट्यात कापूस आणि सोयाबीन बांधाला बांध लावून असतात. घर तेच, ट्रॉली तीच, बऱ्याचदा बारदानाही तोच. या कंपनीचे बहुतेक सभासद दोन्ही पिकं घेतात.

कंपनीची कामं दोन होती. सभासदांचं सोयाबीन गोळा करून, चाळून, मोंढ्यात म्हणजे बाजार समितीत न नेता थेट प्रक्रिया उद्योगाला विकणं हे पहिलं. दुसरं म्हणजे छोटं पशुखाद्य युनिट. सरकी पेंड, मक्याचा भरडा, तुरीची चुनी, मीठ आणि खनिज मिश्रण दळून-मिसळून त्याच्या गोण्या सभासदांना रास्त भावात दिल्या जात. बचत गटातल्या बायकांच्या आग्रहावरून ते सुरू झालं होतं, कारण म्हशींचा खर्च त्याच भागवायच्या. दोन्ही कामं एकाच गोदामात चालत. एका टोकाला दळणाचं यंत्र, दुसऱ्या टोकाला सोयाबीनच्या थप्प्या.

आता नियमांची बाजू. देशात लागवडीला परवानगी असलेलं जीएम पीक एकच, बोंडअळीला तोंड देणारा बीटी कापूस. मार्च २००२ मध्ये जीईएसीने, म्हणजे पर्यावरण मंत्रालयाखालच्या जनुकीय अभियांत्रिकी समितीने, त्याला हिरवा कंदील दिला. २००६ मध्ये त्याची पुढची आवृत्ती, बोलगार्ड-२, आली. आज देशातलं नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस क्षेत्र बीटीखाली आहे. त्यामुळे जिनिंगमधून निघणारी सरकी आणि तिची पेंड जवळपास सगळी बीटीचीच. तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटीला, लोकांच्या भाषेत चोर बीटीला, परवानगी नाही. पण ती शेतात आहे हे इकडे कुणापासून लपलेलं नाही.

अन्नासाठी वेगळा कायदा आहे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम २२ प्रमाणे नियमांनी मुभा दिल्याशिवाय जीएम अन्न तयार करता, विकता किंवा आयात करता येत नाही. मात्र याच कायद्यातल्या ‘अन्न’ या व्याख्येतून जनावरांचं खाद्य वगळलेलं आहे. म्हशीच्या दावणीतली पेंड कलम २२ च्या बाहेर राहते. पशुखाद्यातल्या जीएमचा विचार होतो तो पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांतून, जीईएसीकडून; आणि माल परदेशातून येणार असेल तर विदेश व्यापार महासंचालनालयाच्या आयात धोरणातून.

ही विभागणी शेतकऱ्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये अंगावर घेतली. सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं होतं, पोल्ट्री उद्योग खाद्य महागल्याची तक्रार करत होता आणि केंद्राने १२ लाख टन जीएम सोया पेंड आयात करायला परवानगी दिली. दळलेल्या, तेल काढलेल्या पेंडीत उगवू शकेल असं काही सजीव उरत नाही, त्यामुळे पर्यावरणाच्या बाजूने हरकत नाही, ही त्यामागची भूमिका. नवं सोयाबीन बाजारात यायच्या तोंडावर हा निर्णय झाला आणि भाव कोसळले. आमचं पीक जीएम नाही, त्याचा आम्हाला काही फायदा नाही आणि जीएम पेंड मात्र बंदरात उतरते, ही बोच सभासदांच्या मनात राहिली.

म्हणूनच पुढच्या वर्षी एका प्रक्रियादाराने ‘जीएम नसलेलं सोयाबीन द्या, मोंढ्यापेक्षा जास्त भाव देतो’ असा करार पुढे केला तेव्हा सगळे उत्साहाने तयार झाले. तो सोयाबीनचं पीठ करून युरोपात माल पाठवणाऱ्या निर्यातदाराला द्यायचा. युरोपीय संघात एखाद्या घटकात अनवधानाने मिसळलेलं, परवानगी असलेलं जीएम ०.९ टक्क्यांपर्यंत असेल तर लेबलची सक्ती नाही. त्याच्या वर गेलं तर आहे. तिथले ग्राहक याच एका आकड्यावर माल घेतात किंवा सोडतात.

अडचण

करारात एक ओळ होती : ‘मालाच्या पीसीआर तपासणीत ३५-एस आणि नॉस आढळू नयेत.’ ही ओळ संचालकांनी वाचली होती. तिचा अर्थ कुणी विचारला नव्हता.

पीसीआर म्हणजे डीएनए शोधणारी प्रयोगशाळेतली चाचणी. ३५-एस आणि नॉस हे जनुकांचे छोटे तुकडे. प्रयोगशाळेत एखाद्या पिकात नवा जनुक घालताना तो चालू करायला आणि थांबवायला जे तुकडे जोडतात, त्यांत हे दोन फार वापरले गेले. म्हणून पहिल्या चाचणीत हेच शोधतात. ते सापडले तर जीएम काहीतरी आहे एवढंच समजतं. कोणतं पीक, किती प्रमाणात, हे त्यातून कळत नाही. बीटी कापसात हे दोन्ही तुकडे असतात.

ऑक्टोबरअखेर पहिली गाडी भरली. खरेदीदाराच्या माणसाने गेटवर पट्टी-चाचणी केली, ती स्वच्छ आली. ही पट्टी एकच प्रथिन शोधते, तणनाशक सहन करणाऱ्या सोयाबीनमधलं. ते नव्हतं, म्हणून गाडी आत गेली. आठवडाभराने पीसीआरचा अहवाल आला : ३५-एस आढळले, नॉस आढळले. टक्के नव्हते. गाडी बाजूला लागली आणि उरलेल्या मालाची उचल थांबली.

त्याच दिवसांत जीईएसीने जीएम मोहरीच्या डीएमएच-११ वाणाची शिफारस केल्याची बातमी सगळीकडे होती. मराठी वाहिन्यांवर रोज जीएमची चर्चा. गावात कुणीतरी म्हणालं, आपल्यातल्याच कुणीतरी गुजरातमधून चोर बियाणं आणलंय. ही शंका अगदी हवेतली नव्हती. २०१७ मध्ये गुजरातेत बेकायदा तणनाशक-सहनशील सोयाबीन पेरल्याची तक्रार झालेली होती. एका सभासदाचे पाहुणे तिकडे होते. दोन दिवसांत त्याचं नाव चहाच्या टपरीवर पोचलं.

पुढे असलेले पर्याय

पहिला आणि सोपा पर्याय : करार सोडायचा, सगळा माल मोंढ्यात न्यायचा. तिथे ओलावा, काडीकचरा आणि दाण्याचा रंग बघतात. जनुक कुणी विचारत नाही. त्या हंगामात बाजारभाव ४,३०० रुपये हमीभावाच्या वर होता, म्हणजे माल पडून राहिला नसता. उपाध्यक्ष याच मताचे होते. ‘जास्तीच्या चार पैशांसाठी चोर ठरायचं का?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच माल पाठवून स्वच्छ अहवाल मिळवायचा, असंही एकाने सुचवलं. हे मला अजिबात मान्य नव्हतं. मोठ्या लॉटमधून मूठभर नमुना काढला तर एकदा आढळेल, एकदा आढळणार नाही. सोयीचा कागद मिळाला असता, पण त्याच मालाची युरोपातल्या बंदरात पुन्हा तपासणी झाली असती तर निर्यातदाराने कायमचं दार बंद केलं असतं.

तिसरा पर्याय संशयिताला बोलावून जाब विचारण्याचा. बैठकीत दोघांनी तो जोर लावून मांडला.

चौथा पर्याय, जो शेवटी निवडला : आधी जीएम कशातलं आहे ते शोधायचं, मग बाकीचं. याला पैसे लागणार होते आणि वेळही. तोवर माल गोदामात, सभासदांचे पैसे अडकलेले आणि रब्बीच्या हरभऱ्याला खत घ्यायची वेळ.

कृषी खात्याला कळवायचं का, यावर सर्वांत जास्त वाद झाला. १९८९ च्या नियमांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीची तरतूद आहे. बेकायदा जीएम लागवडीची शंका असेल तर ती तिकडे जायला हवी. पण संचालकांना भीती वाटत होती की कळवलं तर आधी गोदामाला सील लागेल आणि चौकशी नंतर होईल. अध्यक्षांनी मधला मार्ग काढला : जीएम सोयाबीनच आहे असं निघालं तर त्याच दिवशी लेखी कळवायचं, तोवर थांबायचं.

केलेली कारवाई

अध्यक्षांनी सर्वांत आधी टपरीवरची चर्चा थांबवली. सभासदांच्या बैठकीत त्यांनी सांगितलं, ‘अहवालात कुणाचं नाव नाही, तर आपणही घ्यायचं नाही. ज्याला बोलायचंय त्याने गोदामात येऊन पोती मोजावीत.’ त्यांच्या वयाचा आणि शब्दाचा मान असल्यामुळे उघड बोलणं बंद झालं. मागची कुजबुज मात्र चालू राहिली.

नंतरची गोष्ट गोदाम सांभाळणाऱ्या मुलाने सुचवली, आणि मला वाटतं सगळं प्रकरण तिथेच वळलं. बारावी झालेला हा मुलगा पोत्यांच्या नोंदी ठेवायचा. तो म्हणाला, ‘सर, सगळ्या थप्प्यांचा एकच नमुना कशाला काढायचा? प्रत्येक थप्पीचा वेगळा काढू. कुठली थप्पी कुठल्या गावची, हे माझ्या वहीत आहे.’ आणि जरा थांबून, ‘यंत्राकडच्या पोत्यांवर सरकीचं तूस बसलेलं दिसतंय.’

थप्पीनिहाय नमुने काढले. प्रत्येक नमुन्याचे तीन भाग करून मोहोरबंद केले : एक प्रयोगशाळेला, एक खरेदीदाराला, एक कंपनीच्या कपाटात. नमुना काढताना खरेदीदाराचा माणूस समोर होता. प्रयोगशाळेला या वेळी प्रश्नही नेमका विचारला. जगात व्यापारात असलेल्या जीएम सोयाबीनचे ओळखीचे प्रकार यात आहेत का? आणि कापसाचा डीएनए आहे का? हा दुसरा प्रश्न नसता तर उत्तर अर्धंच राहिलं असतं.

अहवाल आला तेव्हा चित्र स्वच्छ झालं. जीएम सोयाबीनचा एकही प्रकार कुठल्याच थप्पीत नव्हता. दळणयंत्राशेजारच्या थप्प्यांत ३५-एस, नॉस आणि कापसाचा डीएनए तिन्ही आढळले. दुसऱ्या टोकाच्या थप्प्यांत काहीच नव्हतं. पेंड दळताना उडणारी धूळ सोयाबीनवर बसत होती. शिवाय काही बारदाना आधी सरकीसाठी वापरलेला निघाला. पोती उलटी करून झटकली तेव्हा शिवणीत अडकलेली सरकी हाताला लागली. पीसीआरला एवढं पुरतं. चाळणीने दाणा वेगळा होतो, धूळ होत नाही.

संशयित सभासदाच्या गावची थप्पी दुसऱ्या टोकाची होती.

खरेदीदाराशी खरी झटापट यानंतर झाली. आमचं म्हणणं साधं होतं : तुम्हाला जीएम सोयाबीन नको होतं, ते नाही हे सिद्ध झालंय. त्यांचं म्हणणंही साधं होतं : करारात ‘सोयाबीनमधलं’ असा शब्द नाही, ‘मालात’ असा आहे. इथे टक्क्याचा प्रश्न आला. जीएमचं प्रमाण साधारणपणे त्याच पिकाच्या डीएनएच्या तुलनेत काढतात. सोयाबीनच्या तुलनेत जीएम सोयाबीन शून्य. पण आलेला कापसाचा अंश पाहिला तर तो जवळपास सगळा बीटी, कारण आपल्याकडे दुसरा कापूस उरलाच किती? दुसऱ्या पिकाच्या अशा भेसळीकडे कसं बघायचं, यावर आपल्या नियमांत बोट ठेवता येईल अशी ओळ आम्हाला सापडली नाही. आयातीसाठी एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, २४ पिकांची यादी करून १ टक्क्याची सहनमर्यादा घातली आहे आणि १ मार्च २०२१ पासून तिथे जीएममुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं; पण तो आदेश बंदरावरच्या मालाला आहे, परभणीतल्या गोदामाला नाही. १ टक्क्याच्या वर लेबल लावायला सांगणारा जीएम अन्नाच्या नियमांचा मसुदा एफएसएसएआयने नोव्हेंबर २०२१ मध्ये आणला होता, आणि आमची ही झटापट चालू असतानाच, नोव्हेंबर २०२२ मध्ये, सुधारून पुन्हा हरकतींसाठी मांडला. मसुद्याच्या आधारावर वाद जिंकता येत नाही.

पशुखाद्य युनिटचं काय करायचं हा शेवटचा निर्णय. दोन संचालकांचं मत होतं, बंदच करा. बचत गटाच्या ताई बैठकीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा येतो, दुधाचा दर दहा दिवसाला. आमच्या म्हशी इतकी वर्षं हीच पेंड खातात, तिला कुणी नाव ठेवलं नाही. आज पोत्याला धूळ लागली तर आमचं यंत्र बंद?’ त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. वीस वर्षं बीटी सरकीची पेंड देशभर जनावरांना जाते आहे, कुठल्याही गोणीवर त्याचा उल्लेख नाही आणि कायद्याने तो मागितलेलाही नाही. युरोपसुद्धा जीएम खाद्य खाल्लेल्या जनावरांच्या दुधावर लेबल मागत नाही. इथला प्रश्न पेंड सुरक्षित आहे की नाही हा नव्हताच. एका ग्राहकाने मागितलेली अट पाळायची कशी, एवढाच होता. युनिट चालू ठेवायचं आणि दुसरीकडे हलवायचं ठरलं.

निष्पत्ती

स्वच्छ निघालेल्या थप्प्या, म्हणजे साधारण दोन तृतीयांश माल, खरेदीदाराने कराराच्या भावाने उचलला. उरलेला मोंढ्यात गेला. त्यातली तूट फक्त त्या थप्प्यांच्या गावांनी सोसायची की सगळ्यांनी, यावर रात्री उशिरापर्यंत बैठक चालली. माल कुठे रचायचा हे शेतकऱ्याने ठरवलेलं नव्हतं, कंपनीने ठरवलं होतं, हा मुद्दा अखेर मान्य झाला आणि तूट सगळ्यांत वाटली गेली. मला हा निर्णय योग्य वाटतो, जरी त्यामुळे काही सभासद नाराज होऊन पुढच्या हंगामात मोंढ्याकडे परतले.

तपासण्यांचा खर्च संपूर्ण कंपनीवर पडला. जास्तीच्या भावातला मोठा हिस्सा त्यात गेला. देशात ज्याच्या लागवडीला परवानगीच नाही अशी वस्तू आपल्या मालात नाही, हे सिद्ध करायचा खर्च साखळीतल्या सर्वांत लहान घटकाने केला.

पुढच्या वर्षीच्या करारात तीन बदल झाले. ‘मालात’ऐवजी ‘जीएम सोयाबीन’ असा स्पष्ट उल्लेख आणि ०.९ टक्क्याची मर्यादा आली. दुसऱ्या पिकाच्या काडीकचऱ्याची मर्यादा वेगळी लिहिली. पहिली चाचणी ‘आढळले’ आली तर पीक ओळखणारी दुसरी चाचणी दोघांनी निम्मा-निम्मा खर्च वाटून करायची, असं ठरलं. पशुखाद्य युनिट गावाच्या दुसऱ्या बाजूच्या भाड्याच्या शेडमध्ये गेलं. सोयाबीनसाठी नवा बारदाना सक्तीचा झाला आणि गाडी भरण्याआधी तिच्यात आधी काय वाहिलं होतं ते वहीत लिहायला लागले.

ज्या सभासदावर संशय घेतला गेला होता, त्याच्याबद्दल अध्यक्षांनी भर बैठकीत खुलासा केला. तो पुढच्या हंगामात आला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

करारातली ती एक ओळ सही करण्याआधी कुणालातरी वाचायला द्यायला हवी होती. परभणीत कृषी विद्यापीठ आहे, तिथे जैवतंत्रज्ञान शिकवणारी माणसं आहेत. एका फोनवर अर्थ कळला असता. खरेदीदारालाही विचारता आलं असतं : कापसाच्या पट्ट्यात तुम्ही शून्य ३५-एस मागताय, हे शक्य आहे का?

राखीव नमुना पहिल्या गाडीपासून ठेवायला हवा होता. पहिला अहवाल आला तेव्हा ताडून बघायला कंपनीच्या हातात काहीच नव्हतं.

कृषी खात्याला कळवण्याबाबत माझं मत संचालकांपेक्षा वेगळं होतं आणि अजूनही आहे. पहिल्या अहवालाच्या दिवशीच तालुका कृषी अधिकाऱ्यांना साधं पत्र द्यायला हवं होतं : असा अहवाल आलाय, पीक ओळखण्याची तपासणी करतोय, निकाल कळवू. बेकायदा बियाणं निघालं असतं तर याच पत्राने कंपनी वाचली असती, आणि पोचपावती हाती असती तर टपरीवर नावं घेणाऱ्यांनाही उत्तर मिळालं असतं. पण सील लागण्याची भीती खोटी होती असंही मी म्हणणार नाही. अशा स्वेच्छेने दिलेल्या माहितीनंतर खात्याने किती दिवसांत काय करायचं, मालाचं तोवर काय होणार, हे लिहून ठेवलेलं असतं तर संचालकांनी कळवलं असतं.

नियम करणाऱ्यांपुढे या प्रकरणातून दोन मागण्या जातात, आणि कंपनीने त्या मसुद्यावरच्या हरकतींच्या मुदतीत मांडायला हव्या होत्या. एक : देशांतर्गत मालात दुसऱ्या, परवानगी असलेल्या जीएम पिकाचा अनवधानाने आलेला अंश किती चालेल आणि तो कसा मोजायचा, हे लेखी ठरवावं. बीटी कापूस आपणच मान्य केलाय, त्याची सरकी गावोगाव फिरणार हे ओघानेच आलं. दोन : जीएममुक्त मालाच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या पातळीवर परवडणारी सोय हवी. लातूरपासून परभणी-हिंगोलीपर्यंत सोयाबीनचं आगर आहे आणि नमुना मात्र शेकडो किलोमीटर लांब पाठवावा लागतो. निकाल येईपर्यंत शेतकऱ्याचं सोयाबीन आणि त्याचे पैसे दोन्ही अडकून पडतात.

ज्या कंपन्या आता असा करार करायच्या बेतात आहेत त्यांनी सही करण्याआधी गोदामात जाऊन पाहावं की गेल्या हंगामात तिथे काय ठेवलं होतं, यंत्र कुठल्या दिशेला धूळ टाकतं आणि बारदाना कुठून आलाय. थप्प्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाला बैठकीत बसवावं. या कंपनीत तो मुलगा आता प्रत्येक खरेदी कराराच्या चर्चेला हजर असतो.